पाऊण तास फक्त हवेतला
तुमच्या लेखात जळगाव-मुंबई विमानप्रवास ‘पाऊण तासाचा’ लिहिलाय, तो नुसत्या अंतरावरून काढलेला दिसतो. सरळ रेषेत साधारण ३५५ किमी, एटीआर (या मार्गावरचं पंख्याचं छोटं विमान) ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, गणित जुळतं. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत जागेवर उभं राहिलं की संपते. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की वर घिरट्या.

वडिलांना तपासणीला नेताना मी चोपड्याहून जळगावजवळच्या कुसुंब्याच्या विमानतळापर्यंतच दीड तास धरतो. तरी रेल्वेत ४२० किमी बसून त्यांचे पाय सुजतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. घर ते दवाखाना असा पूर्ण वेळ लिहा ना भाऊ, आमच्याकडची म्हातारी माणसं त्यावरच ठरवतात.