म्हातारपण वाया घालवू नका

वय वाढू लागले की बहुतेक माणसे ते थांबवण्याच्या उद्योगाला लागतात आणि त्या धांदलीत आयती चालून आलेली सुखे हातची घालवून बसतात. आपण तसे करू नये. केसांना कलप लावण्यात, पोट आत ओढण्यात आणि जिना चढून आल्यावर धाप लागलीच नाही असे भासवण्यात जी शक्ती खर्च होते, तीच मन लावून म्हातारे होण्यात घातली तर माणूस कुठल्या कुठे पोचेल.

आरंभ डोळ्यांपासून करावा. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. नेमक्या ज्या वयात चेहऱ्यावर सुरकुत्या उमटू लागतात, त्याच वयात त्या स्वतःला दिसू नयेत, एवढी सभ्यता निसर्गाने दाखवली आहे. तरीही जे लोक चष्मा लावून आरशासमोर उभे राहतात, त्यांनी तक्रार कोणाकडे करावी?

कानांचे वैभव मात्र खरोखर जपण्यासारखे आहे. वाढत्या वयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे समजते, पण काय बोलते आहे ते समजत नाही, आणि बऱ्याचशा बोलण्याच्या बाबतीत एवढे समजणे पुरेसे असते. अशा वेळी ‘हो का?’ आणि ‘कमाल आहे!’ ही दोन उत्तरे तयार ठेवावीत. ‘बाबा, विजेचे बिल भरलेत का?’ असे मुलाने विचारले की ‘हो का?’ म्हणावे, त्याने आवाज चढवून पुन्हा विचारले की ‘कमाल आहे!’ म्हणून कौतुकाने त्याच्याकडे पाहावे. तिसऱ्यांदा तो विचारत नाही, बिल भरून टाकतो. पथ्य एकच: स्वयंपाकघरात खाऊच्या डब्याचे झाकण हलक्या हाताने उघडले गेले, तर ‘काय आहे गं?’ असे लगेच ओरडू नये, नाहीतर वर्षांची तपश्चर्या क्षणात मातीला मिळते. श्रवणयंत्र अवश्य घ्यावे, कारण ते बंद करता येते. तरुणांच्या कानांना ही सोय नाही. १९९५ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०६ रुग्णांचे कान मोजून ते वयागणिक वर्षाला साधारण ०.२२ मिलिमीटर लांबत जातात असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऐकणे कमी होत असताना कान वाढत राहावेत, याला औदार्य म्हणतात.

उंची तेवढी घटते, कारण मणक्यांमधल्या चकत्यांतले पाणी कमी होते. त्याबद्दल फार बोलण्यासारखे काही नाही.

नावे आठवत नाहीत म्हणून खंत करू नये. ‘अरे तो नाही का, आपला तो, त्याच्या भावाचं लग्न मोडलं होतं बघ,’ असे एकाने म्हणावे आणि ‘हां, तोच तो!’ असे दुसऱ्याने ओळखावे, यात नावाची गरज कुठे पडली? उलट ज्याची निंदा करायची त्याचे नाव कोणाच्याच तोंडून न निघाल्यामुळे पुढे पुरावा राहत नाही. ते नाव पहाटे तीन वाजता, झोप मोडल्यावर, आपोआप आठवते. लगेच फोन करून मित्राला कळवावे. तोही जागाच असतो.

शेवटी मालमत्तेविषयी. फ्रान्समधल्या जान काल्माँ या बाईंशी १९६५ साली एका वकिलाने करार केला, की बाई हयात असेपर्यंत त्याने दरमहा २,५०० फ्रँक द्यावेत आणि त्यांच्या पश्चात घर त्याचे व्हावे. बाई तेव्हा नव्वदीच्या होत्या, वकील पन्नाशीच्याही आतला होता, तेव्हा हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. वकील १९९५ मध्ये वारला, तोवर त्याने घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम भरली होती, आणि बाई १२२ वर्षांच्या होऊन १९९७ मध्ये गेल्या, तोपर्यंतचे हप्ते त्याच्या कुटुंबाने फेडले. तेव्हा आपल्या घरावर कोणाचा डोळा असल्याचे लक्षात आले, तर रागावू नये. भेटेल तेव्हा त्याच्या रक्तदाबाची आस्थेने चौकशी करीत राहावी.