नानांनी शेताचा इसार घेण्याआधी

आखाजीला अमळनेरला घरी आलो होतो. आमरस-पुरणपोळी झाल्यावर पाठ टेकली, तेवढ्यात मामांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मामांना सगळं गाव नाना म्हणतं, आम्हीही. म्हणाले, "भाऊ, हाई खरं शे का?"

फॉरवर्ड असा होता: ऑस्ट्रेलियात मास्टर्स करा. शिक्षण संपलं की तिथे राहून नोकरी करायचा ४८५ व्हिसा, वयाच्या पन्नाशीपर्यंत कुणालाही. तो संपला की सरकार आपोआप पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, देतं. त्यासाठी वय, शिक्षण, इंग्रजी यांचे गुण फक्त ६५ लागतात. छोट्या शहरात गेलात तर थेट पीआर. मूल तिथे झालं तर मूल नागरिक आणि आईबापांना पीआर. काहीच जमलं नाही तर तिथेच दुसरा कोर्स घ्या. धोका शून्य. गरजूंपर्यंत पोहोचवा.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण मामेभावाला तिकडे धाडायला म्हणून नानांनी पाटाखालच्या दोन एकरांना गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं आणि बुधवारी इसार घ्यायचा होता. ज्या गावात लोकांनी विप्रोचे शेअर पिढ्यानपिढ्या धरून ठेवले, त्या गावात एका फॉरवर्डवर बागायत विकायला निघालेत. माझी झोप गेली ती गेलीच.

मी स्वतः याच रस्त्याने गेलेलो आहे. २०१७ ला ॲडलेड, दोन वर्षं मास्टर्स, दोन वर्षं ४८५, मग छोट्या शहरांसाठीचा ४९१ व्हिसा आणि आता कुठे पीआर. त्यातले आठ महिने गोदामात रात्रपाळीला खोकी उचलली आहेत. म्हणून ‘आपोआप’ हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं.

४८५ हा तात्पुरता व्हिसा आहे. मुदत संपली की हातात दुसरा व्हिसा हवा, नाहीतर सामान बांधायचं. पीआर हा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळे निकष. त्यातही पीआरचे १८९, १९० आणि वर सांगितलेला ४९१ या गुणांवर मिळणाऱ्या व्हिसांना आपण होऊन अर्जच करता येत नाही. आधी सरकारच्या यादीत इच्छा नोंदवायची, मग बोलावणं येण्याची वाट बघायची. कंपनीने पुरस्कृत केलं तर तो रस्ता निराळा, पण तशी कंपनी मिळाली पाहिजे. ग्रॅटन इन्स्टिट्यूट नावाची मेलबर्नची अभ्याससंस्था आहे. तिच्या २०२३ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय: ४८५ ची मुदत संपताना पीआरकडे जाणारे आता एक तृतीयांशाहून कमी, २०१४ मध्ये ते दोन तृतीयांश होते. म्हणजे तिघांतले दोघे त्या टप्प्यावर पीआरच्या बाहेर. हा आकडा मी नानांना तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

आता ६५ चं बघू. इथे फॉरवर्डवाल्याने खरं सांगून खोटं गळी उतरवलंय. किमान गुण ६५ आहेत, हे खरं. मी दिवाणातून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या मागे मामेभावाचा हिशोब मांडला. आज तो २४ चा, म्हणजे शिक्षण संपून अर्ज करेपर्यंत २५ ते ३२ च्या गटात: ३०. मास्टर्सचे १५. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं शिकल्याचे ५. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ आले तर १०. लग्न झालेलं नाही, त्याचे १०. बेरीज ७०. नानांचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं, कारण पुढचं वाक्य मलाच बोलायचं होतं.

६५ गुण म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. बोलावणं ज्याचे गुण जास्त त्याला आधी. नर्सेस, शिक्षक यांना कमी गुणांवरही येतं, पण सॉफ्टवेअर आणि अकाउंटिंगवाल्यांना १८९ साठी अलीकडे ९०-९५ च्या घरात गुण असूनही ताटकळावं लागलंय. मामेभावाला मास्टर्स करायचंय ते आयटीत. गुण वाढवायचे तर इंग्रजीत सगळीकडे ८ आणा, म्हणजे १० च्या जागी २०. तिथे वर्षभर कामाचा अनुभव, पण तो आपल्याच क्षेत्रातला. गोदामातली खोकी त्यात धरत नाहीत. शिवाय व्यवसायाचं कौशल्य-मूल्यांकन लागतं, आयटीचं ते एसीएस ही संस्था करते आणि नुसत्या डिग्रीवर भागत नाही.

मजेची गोष्ट म्हणजे मराठीचे ५ गुण मिळतात. दुभाष्याची एक परीक्षा असते, तिच्यात आपली भाषा आहे. नानींनी, म्हणजे मामींनी, लगेच विचारलं, आपल्या बोलीचे किती? अहिराणीचे काहीच नाहीत, मी म्हटलं. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

आणखी एक खाच. ते ‘दोन वर्षं शिकल्याचे’ ५ गुण हवेत तर कोर्स किमान ९२ आठवड्यांचा लागतो. दीड वर्षाचं मास्टर्स ‘स्वस्तात’ घेणाऱ्याच्या बेरजेतून ते ५ जातात, ४८५ ची वाटही अवघड होते. हे आधी कुणी सांगत नाही, कारण प्रवेश करून देणाऱ्याला कमिशन कॉलेजकडून मिळतं.

पन्नाशीचं एका वाक्यात उरकतो. १ जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी मर्यादा ३५ आहे. संशोधनाचं मास्टर्स किंवा पीएचडी केलेल्यांना पन्नाशीची सवलत. फॉरवर्ड शिळा आहे.

‘तिथेच दुसरा कोर्स घ्या’ हेही त्याच तारखेपासून बंद. हातात ४८५ असताना ऑस्ट्रेलियात बसून विद्यार्थी व्हिसाला अर्ज करता येत नाही. देशाबाहेर पडा, तिथून नव्याने अर्ज करा, पुन्हा फी भरा. विद्यार्थी व्हिसाची फी २०२५ च्या जुलैत २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. याला धोका शून्य म्हणायचं?

छोट्या शहराचं मात्र अर्धं कबूल करावं लागेल. नाइलाजाने करतो, कारण मला त्याचाच फायदा झाला. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळा देश त्यांच्या लेखी ‘रिजनल’ आहे, ॲडलेड-पर्थसुद्धा. तिथे शिकलात तर ५ गुण जादा, ४९१ साठी राज्याने नाव सुचवलं तर आणखी १५. पण ४९१ म्हणजे पीआर नव्हे. तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा. त्या भागात तीन वर्षं राहा, तीन वर्षांच्या कर-आकारणीचे कागद जमवा, मग १९१ या पीआरच्या व्हिसाला अर्ज करा. ‘थेट’ हा शब्द कुणी घुसडला ते त्यालाच माहीत.

आता मुलाचं. खरं सांगायचं तर हा मुद्दा वाचून मला राग आला, कारण नानींनी तो मनावर घेतला होता. आतून विचारलं, "मंग लगीन करीसन धाडूत का?" म्हणजे सून जाणार, तिथे बाळंत होणार आणि सगळ्यांना पीआर मिळणार. घरात स्थळांची चर्चाही सुरू झालेली.

तर ऐका. २० ऑगस्ट १९८६ पासून ऑस्ट्रेलियात नुसतं जन्मल्याने कुणी नागरिक होत नाही. जन्माच्या वेळी आईबापांपैकी एक तरी नागरिक किंवा पीआर असावा लागतो. विद्यार्थी किंवा ४८५ वर असलेल्यांचं मूल आईबापांसारखंच तात्पुरत्या व्हिसावर. दहाव्या वाढदिवसापर्यंत तिथेच वाढलं तर नागरिकत्व मिळतं, पण ४८५ दहा वर्षांचा नसतो. आणि मूल नागरिक झालं म्हणून आईबापांना पीआर बहाल होत नाही. बाळंतपणाचा खर्चही बघा: ४८५ वर मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, नाही, विमा आपल्या पैशाने, आणि बाळंतपणासाठी साधारण वर्षभराची थांबण्याची अट. शिवाय त्या हिशोबातले अविवाहिताचे १० गुण आठवा. बायकोचं इंग्रजी चांगलं असेल तर ५ मिळतात, तिच्याकडे यादीतला व्यवसाय आणि मूल्यांकनही असेल तर पूर्ण १०. दोन्ही नसेल तर शून्य. पीआरसाठी लग्न लावायला निघालेल्या घराने पोराचे गुणच कमी केले असते.

मामेभाऊ इतका वेळ मान खाली घालून होता. "दादा, मग जाऊच नको का?" म्हणाला. असं मी कुठे म्हटलं? भारतीयांना दोन्ही देशांतल्या करारामुळे मास्टर्सनंतर ४८५ तीन वर्षांचा मिळतो, तो चांगला आहे. जा, शीक, कमव. शेत विकून नाही, शैक्षणिक कर्ज काढून, आणि परत यावं लागलं तर फिटेल एवढंच. सल्ला घ्यायचा तर तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाचा. त्याला सात आकडी नंबर असतो, सरकारी रजिस्टरवर तपासता येतो. जळगावच्या ज्या ऑफिसातून हा फॉरवर्ड निघाला, तिथे मी फोन करून तो नंबर विचारला. "सर, तुम्ही समक्ष या ना," एवढंच उत्तर मिळालं.

बुधवारी गिऱ्हाईक आलं, चहा पिऊन गेलं. इसार झाला नाही. नानांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या हिशोबाचा फोटो काढून, फॉरवर्ड आला होता त्याच ग्रुपवर टाकला. दोघांनी अंगठे दाखवले. खाली तिसऱ्याने विचारलं, ७० आलेत, मग अडचण काय?