हळदीचं दूध खुशाल प्या, पण आधी बी-१२ तपासा

सारसबागेत सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: भारतीय हळद खातात म्हणून त्यांना अल्झायमर होत नाही, रात्री हळदीचं दूध, सकाळी ब्राह्मी आणि परवडत असेल तर गिंकोची (एका चिनी झाडाच्या पानांच्या अर्काची) गोळी घ्या, सगळं नैसर्गिक, अपाय शून्य, विसरभोळेपणासाठी डॉक्टरांकडे जाऊन पैसे घालवू नका. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

'भारतीयांना अल्झायमर होत नाही.' याचं मूळ हरियाणातल्या बल्लभगडच्या पाहणीत आहे. तिथल्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण पेनसिल्व्हेनियातल्या एका भागापेक्षा बरंच कमी आढळलं, हे खरं. पण ती पाहणी हळदीची नव्हतीच. हळद तिला नंतर चिकटली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमरच. ही सगळी माणसं काय जन्मभर बिनहळदीची आमटी जेवली?

'हळदीतलं कर्क्युमिन मेंदू साफ करतं.' परीक्षानळीत आणि उंदरांत ते बरंच काही करतं. माणसात घोडं पेंड खातं ते रक्तात शोषलं जाण्यापाशी. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. दुधातल्या अर्ध्या चमच्यात, म्हणजे दीडेक ग्रॅम हळदीत, जेमतेम ४५ मिलिग्रॅम. अल्झायमरच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन २४ आठवडे दिलं, तरी फायदा दिसला नाही आणि रक्तातही ते नावापुरतंच सापडलं. तेवढं दुधातून घ्यायचं तर रोज किमान ६५ ग्रॅम हळद लागेल. मिरपूड घातली की शोषण वाढतं, हे मात्र खरं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मिऱ्यातल्या पिपरीनमुळे ते २० पट वाढल्याचं दाखवलं. पण मूळ आकडाच जवळजवळ शून्य, त्याची वीसपट करून किती होणार? २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला ४० जणांवर झालेल्या १८ महिन्यांच्या चाचणीत सहज शोषलं जाईल असं बनवलेलं कर्क्युमिन वापरलं, तेव्हा स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. आशा वाटावी असा निकाल आहे, पण माणसं ४० आणि ती कॅप्सूल म्हणजे तुमचं दूध नव्हे.

'ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते.' मेसेजमधला त्यातल्या त्यात दम असलेला मुद्दा हाच. रोज ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क, १२ आठवडे. धडधाकट माणसांच्या काही स्मरणचाचण्यांत थोडी सुधारणा झाली. काहींना मळमळ आणि जुलाबही झाले. डिमेन्शिया टळतो, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय आपल्याकडे कुंडीत 'ब्राह्मी' म्हणून लावलेलं गोल पानांचं रोप बहुधा मंडूकपर्णी असतं. या चाचण्या झाल्या त्या बारीक, मांसल पानांच्या, पाणथळीत पसरणाऱ्या बाकोपावर. बाल्कनीतली पानं चावण्याआधी एवढं बघून घ्या.

गिंकोचा निकाल तर कधीच लागलाय. अमेरिकेत ३,०६९ ज्येष्ठांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला: डिमेन्शियाचं प्रमाण कमी झालं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिंकोला हात लावू नका.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक.' शंकराला वाहतो तो धोतरा नैसर्गिकच आहे. त्यातलं स्कोपोलामिन स्मरणशक्ती इतकी हमखास बिघडवतं की नव्या औषधांची परीक्षा घ्यायला ते प्रयोगशाळेत वापरतात. उलट स्नोड्रॉपसारख्या फुलझाडांतून मिळालेलं गॅलँटामिन अल्झायमरवर खरोखर दिलं जातं, पण मोजून-मापून, आणि त्यानेही मळमळ होते, नाडी मंदावू शकते. वनस्पतीत ताकद असेल, तर अपाय करण्याचीही असणारच.

'डॉक्टरांकडे जाऊ नका.' मला खरा राग आहे तो या वाक्याचा. विसरभोळेपणामागे बी-१२ची कमतरता असू शकते, थायरॉइड मंदावलेली असू शकते, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्याही असू शकतात. हे वेळेत कळलं तर बरंचसं सुधारता येतं. बी-१२ आपल्या शहराला परकं नाही: पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहर आणि आसपासच्या ४४१ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्के जणांत ते कमी निघालं. २००६ मध्ये हे प्रसिद्धही झालं. हळदीत बी-१२ नसतं, ब्राह्मीत नसतं, अक्रोडातही नसतं. दुधात थोडं असतं, पण शाकाहारी माणसाचं किंवा वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्याचं तेवढ्यावर भागेलच असं नाही. आजोबा एकच प्रश्न दहादा विचारू लागले, की त्यांना घेऊन आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि काढे पिशवीत घालून सोबत न्या.