‘एन्झायटी म्हणजे रिकामटेकड्यांचं खूळ’? जरा थांबा

घरच्या, सोसायटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एन्झायटी हे रिकामटेकड्यांचं खूळ. आपल्या आजी-आजोबांना कुठे होती? कारण नसताना छाती धडधडत नाही. कामाला लागा. गोळ्या घेतल्यात तर जन्माच्या मागे लागतील.’

रिकामटेकडे कोण? पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी डोकावा. एमपीएससीची पोरं डबा येईस्तोवर मान वर करत नाहीत. झोप अर्धवट, भूक मारायला कटिंगवर कटिंग. त्यात फोनच्या स्क्रीनवर ‘बाबा’ दिसलं तरी पोटात गोळा येतो, कारण पुढचा प्रश्न ठरलेला: ‘निकाल कधी रे?’ यांना आणखी कुठल्या कामाला लावणार?

जीव आजी-आजोबांचाही घाबरा व्हायचा. तेव्हा दृष्ट काढत, उतारा टाकत. दवाखान्याच्या कागदावर ते कधी आलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता. सगळेच रिकामे बसले होते म्हणायचे?

आता ‘कारण नसताना’. बरेचदा कारण असतं, ते कुणी विचारत नाही. अति चहा-कॉफी, जागरण, थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं असणं, दम्याचा पंप, आदल्या रात्रीची दारू उतरणं, यातलं काहीही धडधड सुरू करू शकतं. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर ‘एन्झायटीच असेल’ म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढा.)

तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे त्रास खोटा, असंही नाही. भीतीनं श्वास जोरात चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं, संपलं आता! मग श्वास आणखी जोरात. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. पण तो लोकलमध्ये आला असेल तर माणूस लोकलच टाळू लागतो. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्यानंच भीती पक्की होते. म्हणून थेरपीत त्याच लोकलमध्ये पुन्हा चढायला शिकवतात, आधी एकच स्टेशन. ‘कामाला लागा’ म्हणणाऱ्याला ही मेहनत ठाऊकच नसते.

गोळ्यांचं मात्र अर्धं खरं आहे. अल्प्राझोलामसारख्या, लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते; जुनी चिठ्ठी दाखवून त्या घेत राहणं वाईटच. एसिटालोप्रामसारख्या, रोज घ्यायच्या औषधांचं तसं नाही. त्यांची तलफ येत नाही. गुण यायला काही आठवडे जातात आणि बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. लोक पहिल्याच आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, तिथे घोळ होतो.

कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे: १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.