एमएसडीएस नीट सांभाळा!

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला तुमची शेड असेल, तर केमिकलच्या ड्रमबरोबर आठ-दहा पानांचं एक चोपडं येतं, ते पाहिलंच असेल. एमएसडीएस म्हणतात त्याला, म्हणजे मटेरियल सेफ्टी डेटा शीट: केमिकलचे धोके आणि त्यावरचे उपाय सांगणारा कागद. पहिलं काम म्हणजे ते ड्रमपासून लांब न्या. जवळ ठेवलं तर तेलकट हात लागतात, एखादा पोरगा वाचायलाही बसतो. त्याची जागा ऑफिसच्या कपाटात, आयएसओच्या फायलीत. किल्ली मॅनेजरकडे असावी, आणि मॅनेजर रात्रपाळीला नसावा.

आत 16 विभाग असतात, आणि कंपनी कुठलीही असो, क्रम तोच. घाईत हवं ते सापडावं म्हणून. तुम्हाला कसली घाई? दुसऱ्या विभागात लाल कडेची धोक्याची चित्रं असतात. ड्रमवरही तीच. कवटी बघून पोरं बिचकतात, तेव्हा माल कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवावा, बिनलेबलचा. पाणी की थिनर, ते वासावरून कळतंच की हो. तहानलेल्या माणसाला वास घ्यायला वेळ नसतो, तो त्याचा प्रश्न.

स्टेनलेसच्या वेल्डिंगचा काळेपणा काढायला ब्रशने पिकलिंग पेस्ट फासता ना? तिच्या चौथ्या विभागाकडे तर ढुंकूनही बघू नका. बहुतेक पेस्टमध्ये नायट्रिकच्या जोडीला हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. सौम्य असलं तर कातडीवर पडल्या पडल्या फारसं जाणवतही नाही. पोरगा हात पॅन्टला पुसतो, डबा खातो, घरी जातो. ठणका सुरू होतो रात्री. तोवर ते आत मुरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं, आणि जास्त अंगावर सांडलं असेल तर गाठ थेट हृदयाशी. कागद म्हणतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळा, दवाखाना गाठा, आणि जाताना हा कागद सोबत न्या. छे! जेलची ट्यूब आणून ठेवायची म्हणजे खर्च. पेटीत पिवळं मलम आहेच. डॉक्टरांनी विचारलं तर ‘ॲसिड’ एवढंच सांगावं. कुठलं ते त्यांनी ओळखावं, शिकलेत कशाला?

हातमोजे कशाचे, ते आठव्यात असतं. नायट्राइलचे पातळ मोजे ॲसिटोनपुढे टिकत नाहीत, साधे रबरी टोल्युइनमध्ये फुगतात. एवढं बघत बसलं तर ऑर्डर कधी जायची? रविवार पेठेत स्वस्त मिळतील ते सगळ्यांना. फौंड्रीत धुळीवर आपण गुळाचा खडा देतोच ना. गूळ पोटात जातो, सिलिका फुप्फुसात. पण निदान तोंड गोड होतं.

प्लेटिंगवाल्यांनी दहावा विभाग टाळावा. सायनाइड आणि ॲसिड एकाच रॅकवर ठेवलं की जागा वाचते. दोन्ही सांडून एकत्र आलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, असं कागदावर छापलंय. रॅकवर कुठं छापलंय?

आता भाषा. कागद इंग्रजीत, ड्रम हलवणारा खानापूरकडचा मराठी, सुपरवायझर कन्नड, हेल्पर ओडिशाचा. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती टक्के, यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, बसच्या काचा फुटतात. ड्रमच्या लेबलासाठी अजून एकही काच फुटलेली नाही. या एका बाबतीत सीमाभाग फार समंजस आहे. भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, कामगाराला धोक्याची माहिती द्या म्हणून. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांतही हा कागद आला. तेव्हा माहिती दिली, अशी रजिस्टरात सही घेऊन ठेवा. सही मराठीत चालते.

ऑडिटच्या आदल्या दिवशी मात्र फाईल उघडा. कागद भलत्याच कंपनीच्या मालाचा निघाला तर पहिलं पान बदला. तारीख फार जुनी असली तर सरळ लॅमिनेशन करून भिंतीवर लावा; लॅमिनेशन केलेल्या कागदाची तारीख कोणी बघत नाही.