लीडर-एफ कोणाचा?

मी व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये कोड लिहितो, असं लोकांना सांगतो. प्रत्यक्षात कोड राहतो बाजूला आणि मी व्हिमआरसीच लिहीत बसतो. व्हिमने कसं वागावं याच्या आपल्या सगळ्या आवडीनिवडी नोंदवायची ही फाइल. माझी इतकी नेटकी आहे की तिच्यात कॉमेंट्ससुद्धा आहेत. पगारी कोडात नाहीत.

हे खूळ प्लगइनमुळे, म्हणजे व्हिमला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्राममुळे, वाढतं. एक फाइली शोधून देतं, एक कंस जुळवतं, एक कुठली ओळ कोणी बिघडवली ते नावानिशी दाखवतं. एवढा गोतावळा सांभाळायला प्लगइन मॅनेजर लागतो. पॅथोजेन नावाचा मॅनेजर अंगवळणी पडेपर्यंत मंडळी वंडलवर पोचली होती, वंडल बसवलं तोवर व्हिम-प्लगची हवा. २०१६ साली व्हिम ८ आलं आणि प्लगइन लोड करायची सोय आतच झाली. आता मॅनेजर हवाच कशाला, असं एक सहकारी सगळ्यांना पटवत असतो. स्वतः व्हिम-प्लग वापरतो.

खरी भांडणं शॉर्टकटवरून. 'लीडर' नावाची एक कळ असते; मूळची बॅकस्लॅश, पण बरेच जण तिथे स्पेसबार नेमतात. चाळीतल्या नळासारखी तिच्यावर प्रत्येकाची बादली. लीडर-एफ, म्हणजे लीडर दाबून मग एफ, फाइल शोधणाऱ्याला हवा, कोडाची मांडणी नीट करणाऱ्या फॉरमॅटरलाही हवा. जो शेवटी लोड झाला, त्याचं पाणी. म्हणजे मी जातो फाइल उघडायला आणि असलेल्या फाइलचंच इंडेंटेशन बदलून मिळतं. 'व्हर्बोज मॅप' ही आज्ञा दिली की शॉर्टकट कुठल्या फाइलीने बळकावला ते कळतं. इतकी बिनचूक चहाडी माणसालाही जमत नाही.

ऑफिसच्या सर्व्हरवर व्हिम जुनं आहे. तिथे सवयीने कंट्रोल-एस दाबलं की सेव्ह राहतं दूरच, पडदाच गोठतो. टेलिप्रिंटरच्या जमान्यात समोरच्या यंत्राला 'जरा थांब' म्हणायचा तो इशारा. टर्मिनल अजून इमानाने थांबतं. कंट्रोल-क्यू दाबून ते सुटलं, की मधल्या वेळात संतापाने बडवलेल्या सगळ्या कळांचं फळ एकदम पदरात पडतं.

कर्सर हलवायला बाणांच्या कळा सोडून एच, जे, के, एल का, याचं उत्तरही असंच जुनं आहे. १९७६च्या सुमारास बिल जॉयने व्हिमचा पूर्वज असलेलं व्हीआय लिहिलं ते एडीएम-३ए या टर्मिनलवर, आणि त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. ठीक आहे, बोटांना वळण लागतं. पण इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत मराठी लिहिताना याच चार कळा प, र, क, त होतात. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा अक्षरं न उमटवता आज्ञा देतात तेव्हा, 'र' दाबून खाली जाता येत नाही, व्हिम नुसतं टुंग करतं. आणि त्या मोडमध्ये नेणारं एस्केप दाबायचं राहून गेलं, तर सेव्ह करून बाहेर पडायच्या कोलन-डब्ल्यू-क्यूचं थेट 'छैौ' उमटतं.

आमच्या ॲपच्या मराठी भाषांतराच्या फाइलीत तळाशी एक 'छैौ' राहून गेला होता. तपासणाऱ्या बाईंनी समोर शेरा मारला : "हा प्रयोग कुठल्या बोलीतला? विदर्भात असेल तर राहू द्या."