टीआरपी थोतांड आहे, या दाव्याचा प्रतिवाद

टीआरपीविषयीचा, म्हणजे टीव्हीवरचा कार्यक्रम किती पाहिला गेला हे सांगणाऱ्या आकड्याविषयीचा, एक मजकूर व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: देशात २० कोटींहून अधिक घरांत टीव्ही आहे, पण टीआरपी मोजणारे मीटर जेमतेम ५०-५५ हजार घरांत आहेत; तुमच्या ओळखीच्या एकाही घरात असा मीटर नाही; २०२० च्या घोटाळ्यात हे आकडे विकत मिळतात हे सिद्ध झाले; टुकार मालिका अव्वल ठरतात, त्यावरूनच काय ते समजा; तेव्हा टीव्ही-रेडिओवरची जाहिरात म्हणजे अंधारात मारलेला दगड, खरा हिशेब फक्त मोबाइलवर, कारण तिथे प्रत्येक क्लिक मोजला जातो. यातले आकडे बहुतांशी बरोबर आहेत आणि म्हणूनच त्यांच्या आडून आलेले निष्कर्षही खपून जातात. टीआरपीत दोष आहेत, पण ते हा मजकूर बोट दाखवतो तिथे नाहीत.

आधी मीटरच्या संख्येचा आक्षेप पाहू. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणारी ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क, ही प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांच्या संघटनांनी मिळून उभी केलेली संस्था असून तिचे आकडे २०१५ पासून येऊ लागले. केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा संस्थेला किमान २० हजार घरांपासून सुरुवात करून दरवर्षी १० हजारांची भर घालत ५० हजारांपर्यंत जायला सांगितले होते. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरे २१ कोटी होती. म्हणजे साधारण ३,८०० घरांमागे एक मीटर झाला, आणि हे गुणोत्तर ऐकले की कुणालाही ते हास्यास्पद वाटते. पण शितावरून भाताची परीक्षा करताना एक शीत हे भांड्यातल्या भाताच्या किती टक्के आहे असे कुणी विचारत नाही. ते तळातले घेतले की वरचे, एवढेच पाहावे लागते. नमुन्याची अचूकता तो एकूण लोकसंख्येच्या किती टक्के आहे यावर जवळजवळ अवलंबून नसते, नमुन्यात प्रत्यक्ष किती घरे आहेत आणि ती कशी निवडली आहेत यावर असते. एखादा कार्यक्रम खरोखर २ टक्के घरांत पाहिला जात असेल, तर सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५५ हजार घरांतून येणारा अंदाज १०० पैकी ९५ वेळा १.८८ ते २.१२ टक्क्यांच्या दरम्यान पडेल. देशातली घरे २१ कोटींऐवजी ४२ कोटी असती तरी ही मर्यादा तसूभर हलली नसती. प्रत्यक्षातले पॅनेल, म्हणजे मीटर असलेल्या घरांचा संच, चिठ्ठ्या टाकण्याइतके साधे नसते, शहर, गाव आणि आर्थिक स्तर यांनुसार त्याची वाटणी करावी लागते, त्यामुळे मर्यादा थोडी रुंदावते. पण देशपातळीवरचा आकडा त्याने निकामी ठरत नाही.

निकामी ठरतात ते बारीक कापलेले तुकडे, आणि त्यांच्याविषयी हा मजकूर अवाक्षर काढत नाही. एकच शहर, एकच भाषा, एकच वयोगट असे करत पॅनेलचा तुकडा १,००० घरांवर आला, तर त्याच २ टक्क्यांचा अंदाज १.१ ते २.९ यांमध्ये कुठेही पडू शकतो. मग एका वाहिनीला २.१ आणि दुसरीला १.९ मिळाले म्हणून पहिलीने ‘आम्हीच नंबर वन’ अशी पाटी पडद्यावर मिरवायची, यात मोजमापापेक्षा हौसच जास्त. ज्या वाहिनीला २,००० घरांतल्या ०.१ टक्का घरांत पाहिले जाते, तिची सारी मदार दोन घरांवर असते. त्यातल्या एका घरातली माणसे आठवडाभर गावी गेली, तर अर्धा प्रेक्षकवर्ग गेला.

ओळखीत मीटर नसण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. तुमची ५०० घरांशी ओळख असली, तरी त्यांपैकी एकाही घरात मीटर नसण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय अशा घरांची ओळख गुप्त ठेवणे हा त्या व्यवस्थेचा पायाच आहे.

घोटाळ्याचे प्रकरण मात्र गंभीर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी असा आरोप केला की मीटर असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिन्या लावून ठेवण्यासाठी दरमहा पैसे दिले जात होते. त्यावर कोणताही न्यायनिर्णय झाला नाही. पुढे राज्य सरकारनेच खटला मागे घेण्याची परवानगी मागितली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ती दिली. त्यामुळे ‘सिद्ध झाले’ हे शब्द इथे चालणार नाहीत. मात्र बार्कने त्या वेळी वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू केले तेव्हा चार आठवड्यांची सरासरी देण्याची पद्धत आणली, याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. वृत्तवाहिन्यांचा, विशेषतः इंग्रजी वृत्तवाहिन्यांचा, प्रेक्षकवर्ग इतका तुटपुंजा आहे की मूठभर घरे हाताशी धरली तरी क्रम बदलू शकतो. संध्याकाळच्या लोकप्रिय मालिकेला तसे करायचे तर हजारो घरे गाठावी लागतील. पुन्हा, आकडा फुगवायला लाच द्यावी लागतेच असेही नाही. सेट टॉप बॉक्स सुरू केल्याबरोबर जी वाहिनी आपोआप दिसते, ती जागा केबलचालकाला पैसे मोजून मिळवता येते. मीटर वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ओळखतो, आणि ती खूण प्रेक्षक मुद्दाम त्या वाहिनीवर आला की नुसता तिथून पुढे निघाला होता, हे सांगत नाही. अशा नोंदी गाळण्याचे नियम बार्कला त्यामुळेच करावे लागले. पोलिसांच्या पत्रकार परिषदेइतका हा विषय रंगतदार नसल्याने त्याची चर्चा फारशी झाली नाही.

टुकार मालिका अव्वल ठरते, या तक्रारीत एक गल्लत आहे. टीआरपीत कार्यक्रम किती जणांनी पाहिला आणि किती मिनिटे पाहिला, या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात: अर्ध्या तासाच्या भागासमोर एक लाख माणसे १५ मिनिटे बसली, तर सरासरी ५० हजारांची धरली जाते. आवडीचा त्यात कुठेही समावेश नाही. नावे ठेवत पाहिलेले मिनिटही तेवढेच भरते, आणि मराठी घरांत मालिका कशी पाहिली जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे नवल वाटू नये.

आता मुख्य उडी. टीआरपी सदोष आहे, म्हणून जाहिरातीचा परिणाम कळूच शकत नाही, असे म्हणताना जाहिरात किती जणांपुढे आली आणि तिच्यामुळे काय बदलले, हे दोन वेगळे प्रश्न एकात कोंबलेले आहेत. पहिल्याचे उत्तर मीटर देतो. दुसऱ्याचे उत्तर निर्दोष मीटरही देऊ शकणार नाही. त्यासाठी जाहिरात जिथे पोचली आणि जिथे पोचली नाही, अशा एरवी सारख्या ठिकाणांची तुलना करावी लागते. समजा, चकलीच्या भाजणीची पाकिटे विकणाऱ्या एका उद्योजिकेने दिवाळीआधी कोल्हापूरच्या एफएमवर जाहिरात दिली आणि सोलापुरात दिली नाही. कोल्हापुरात गेल्या दिवाळीला १०,००० पाकिटे खपली होती, यंदा १२,००० खपली. दोन हजारांची वाढ जाहिरातीच्या खात्यावर टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण सोलापुरात जाहिरात नसताना खप ८,००० वरून ९,२०० वर, म्हणजे १५ टक्क्यांनी गेला असेल, तर कोल्हापूरही आपसूक ११,५०० पर्यंत गेले असते असे मानायला हवे, आणि जाहिरातीच्या वाट्याला येतात ती फक्त ५०० पाकिटे. त्यांवरचा नफा जाहिरातीच्या खर्चाहून जास्त आहे का, हा पुढचा हिशेब. श्रोत्यांचे अखंड मोजमाप नसलेल्या शहरातही हे करता येते, फक्त एक शहर मुद्दाम मोकळे सोडण्याचा धीर लागतो. तो सहसा नसतो, कारण मोकळे सोडलेले शहर हातचे गेले असे विक्रेत्यांना वाटते.

मोठ्या प्रमाणावर अशी तुलना झालेली आहे. अमेरिकेतल्या २८८ ब्रँडांच्या टीव्ही जाहिरातींचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रसारणक्षेत्रांच्या सीमेला लागून असलेल्या, पण वेगवेगळ्या प्रमाणात जाहिराती पाहणाऱ्या भागांतली विक्री ताडून पाहिली होती. परिणामाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या ब्रँडचा परिणाम इतका लहान निघाला की जाहिरात दुप्पट केली तर विक्री सुमारे १ टक्क्याने वाढावी, आणि ८० टक्क्यांहून अधिक ब्रँडांच्या बाबतीत आधीच्या खर्चावर आणखी ओतलेला पैसा वसूल होत नव्हता. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला हे सोयीचे वाटेल, पण ‘मोजता येत नाही’ आणि ‘मोजले, थोडे निघाले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कार्यक्रमांचा परिणामही याच वाटेने तपासला गेला आहे. गोव्यासह बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या ग्रामीण भागांत २००१ ते २००३ या काळात केबल नव्याने पोचलेल्या गावांची इतर गावांशी तुलना करून, स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीचे समर्थन आणि मुलग्याचीच आस या दोन्ही गोष्टी केबलनंतर कमी झाल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये मांडला गेला. त्यावर पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले, आणि आकडे खुले असल्यामुळेच ते घेता आले. रेडिओचे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातले आहे. तिथे चिठ्ठ्या टाकून सात स्थानिक केंद्रांच्या क्षेत्रांत बालआरोग्याचा प्रचार झाला, सात क्षेत्रे तशीच ठेवली. पहिल्या वर्षी लहान मुलांना दवाखान्यात आणण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले. बालमृत्यूत मात्र घट दाखवता आली नाही. केवळ ‘इतक्या लाखांनी ऐकले’ असा अहवाल लिहिला असता, तर यातले काहीच हाती लागले नसते.

राहिला क्लिक. फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केले की व्हिडिओ पाहण्याच्या सरासरी वेळेचा आकडा फुगलेला होता, कारण तीन सेकंदांहून कमी पाहणारे त्या हिशेबातून वगळले जात होते. पण ही मोजणीतली चूक झाली; मोजणी बिनचूक असतानाही क्लिक फसवतो, हे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या कंपनीच्या प्रयोगात दिसले. कंपनीने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या शोधाला जोडलेल्या जाहिराती बंद केल्या. त्या जाहिरातींवरून येणाऱ्या ग्राहकांपैकी जवळजवळ सगळे, ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. ज्याने ‘ईबे’ असेच टाइप केले होते तो तिथेच निघाला होता, आणि कंपनी त्याच्या क्लिकचे पैसे मोजत होती. पुढे इतर शब्दांसाठीच्या जाहिराती अमेरिकेतल्या काही भागांत बंद ठेवून पाहिल्या, तेव्हा क्वचित खरेदी करणाऱ्यांवर आणि नव्या ग्राहकांवर परिणाम दिसला, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर नाही; आणि खर्चाचा मोठा भाग याच नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या क्लिकवर जात होता.